मॅटप्लॉटलिबची रिलीज कँडिडेट कशी तपासावी आणि सापडलेला बग कसा मिटवावा

मॅटप्लॉटलिब म्हणजे पायथनमध्ये आलेख काढायची लायब्ररी. तिची मोठी आवृत्ती यायच्या आधी रिलीज कँडिडेट, म्हणजे तपासून बघण्यासाठी काढलेली जवळजवळ पक्की आवृत्ती, पायपीआयवर (पायथनची पॅकेजेस जिथून मिळतात त्या भांडारावर) चढते. आवृत्तीच्या आकड्यामागे ‘आरसी१’ असं शेपूट असतं. पिप (पॅकेजेस बसवणारं साधन) नेहमीसारखं चालवणाऱ्याला ती मिळत नाही, मुद्दाम मागून घ्यावी लागते. म्हणून फार थोडे लोक ती वापरून बघतात, आणि जे मोडलंय ते पक्की आवृत्ती लाखो मशीनवर गेल्यावर कळतं.

या काळात प्रत्येक तक्रारीला एकच प्रश्न लावायचा: हेच मागच्या आवृत्तीत नीट चालत होतं का? चालत होतं आणि आता मोडलं, तर तो रिग्रेशन आहे आणि त्याच्यापायी रिलीज थांबवता येतं. पाच वर्षांपासून मोडलेलंच असेल, तर कितीही डोक्यात जात असलं तरी ते रांगेत मागे. पुढची सगळी कामं याच प्रश्नाचं उत्तर पक्कं करण्यासाठी आहेत.

(आज्ञा आणि फंक्शनांची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टर्मिनलमध्ये ती अर्थातच रोमन लिपीत टंकायची.)

आधी दोन एन्व्हायर्नमेंट शेजारी शेजारी

व्हेन्व वापरून दोन वेगळी एन्व्हायर्नमेंट (पॅकेजेसचे एकमेकांपासून सुटे संच) करा. एकात सध्याची पक्की आवृत्ती, दुसऱ्यात कँडिडेट. उदाहरणासाठी ३.९ मालिकेतली शेवटची आवृत्ती आणि ३.१०.०आरसी१ अशी जोडी धरू. (३.१०.० ची पक्की आवृत्ती डिसेंबर २०२४ मध्ये आली.)

कँडिडेट बसवताना पिपला ‘प्री’ हा पर्याय द्यायचा सल्ला सगळीकडे मिळतो. तो चालतो, पण त्यात एक गोम आहे. ‘प्री’ फक्त मॅटप्लॉटलिबला लागू होत नाही, ती ज्यांवर अवलंबून आहे त्या सगळ्या पॅकेजेसना (डिपेंडन्सींना) लागू होतो. त्याच वेळी नमपायची कच्ची आवृत्ती पायपीआयवर असेल तर तीही आत येते आणि मग बग कुणाचा हे कळत नाही. त्यापेक्षा दोन बरोबरच्या चिन्हांपुढे पूर्ण आवृत्ती लिहा, आरसी१ सकट. नाव इतकं नेमकं दिलं की पिप ‘प्री’शिवायही ती उचलतो आणि बाकीची पॅकेजेस पक्कीच राहतात. दोन्हीकडे पिप फ्रीज चालवून याद्या ताडून बघा. मॅटप्लॉटलिबच्या ओळीखेरीज काहीही वेगळं असता कामा नये.

दुसरी अडचण सेटिंगची. चार वर्षांपूर्वी बनवलेली आणि विसरून गेलेली मॅटप्लॉटलिबआरसी फाइल घरच्या फोल्डरात पडलेली असते आणि ‘नव्या आवृत्तीत फाँट लहान झाला’ अशी तक्रार तिच्यातून जन्मते. मॅटप्लॉटलिब-एफनेम हे फंक्शन नेमकी कोणती फाइल वाचली गेली ते सांगतं. चालू फोल्डरातली फाइल आधी उचलली जाते हेही लक्षात ठेवा. तपासणीपुरतं एमपीएलकॉन्फिगडिर हे व्हेरिएबल रिकाम्या फोल्डरकडे वळवा. त्यामुळे फाँटांची जुनी कॅशही बाजूला पडते. नव्याने बसवलेला फाँट सापडत नाही, यामागे बहुतेक वेळा ती कॅशच असते.

शेवटचं, प्रत्येक स्क्रिप्टच्या सुरुवातीला आवृत्ती, गेट-बॅकएंडचं उत्तर (बॅकएंड म्हणजे आलेख प्रत्यक्ष काढणारा किंवा खिडकीत दाखवणारा भाग) आणि मॅटप्लॉटलिब कुठल्या फोल्डरातून लोड झाली तो पत्ता छापा. तीन ओळी लागतात. भलत्याच आवृत्तीवर दुपार घालवण्यापेक्षा स्वस्त.

स्वतःच्या स्क्रिप्ट चालवा, तयार नमुने नकोत

दस्तऐवजातले नमुने रोज आपोआप चालतात, त्यांत काही मोडलं तर ते आधीच लक्षात आलेलं असतं. तुमच्या हातात जे आहे ते इतर कुणाकडे नाही: प्रयोगशाळेतली वेडीवाकडी डेटा फाइल, तीन जणांनी ठिगळं लावलेली स्क्रिप्ट, दोन वाय-अक्ष आणि त्यांच्या मध्ये कोंबलेलं लेजंड. तेच चालवा. दोन्ही एन्व्हायर्नमेंटमध्ये प्रत्येक आलेख पीएनजी म्हणून वेगवेगळ्या फोल्डरात साठवा. नुसत्या डोळ्यांनी ताडू नका. मॅटप्लॉटलिब-टेस्टिंग-कंपेअर या मोड्यूलमधलं कंपेअर-इमेजेस हे फंक्शन जुनं चित्र, नवं चित्र आणि टॉलरन्स (किती फरक चालवून घ्यायचा तो आकडा) घेतं. टॉलरन्स शून्य द्या. चित्रं सारखी असतील तर ते नन परत देतं. नसतील तर आरएमएस (फरकांच्या वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ) फरकाचा आकडा देतं आणि ‘फेल्ड-डिफ’ नावाचं तिसरं चित्र बनवतं. त्या चित्रात फरक दहापट करून दाखवलेला असतो, त्यामुळे अगदी पुसटसा बदलही डोळ्यात भरतो. उलट, तिथे भडक दिसलेला फरक मूळ चित्रात जाणवणारही नाही, असंही होतं.

साठवताना बीबॉक्स-इंचेसला ‘टाइट’ देऊ नका. टाइटमध्ये मजकुराच्या मापाप्रमाणे चित्र कापलं जातं. एखादं लेबल एका पिक्सेलने सरकलं तरी चित्राचा आकार बदलतो, आणि आकार वेगळे असले की तुलना होतच नाही, थेट एरर येते.

टॉलरन्स शून्य का, हे एकदा गणिताने बघून घ्या. काही न सांगता मॅटप्लॉटलिब काढते ते चित्र ६.४ गुणिले ४.८ इंच, १०० डीपीआय, म्हणजे ६४० गुणिले ४८० पिक्सेल. एकूण ३,०७,२००. अक्षावरची एक काळी खूण, ४ पिक्सेल लांब आणि १ पिक्सेल जाड, पांढऱ्या पार्श्वभूमीवरून पूर्ण गायब झाली असं समजा. फरक ४ पिक्सेलांत, प्रत्येकी २५५. आरएमएस येतो २५५ गुणिले (४ भागिले ३,०७,२००) चं वर्गमूळ, म्हणजे सुमारे ०.९२. ‘टॉलरन्स १ ठेवला, किती फरक पडणार’ असं म्हणणाऱ्याच्या चाचणीतून अख्खी खूण निसटते. चित्र जितकं मोठं, तितकं हे निसटणं सोपं.

मुद्दाम द्यायचा वाईट डेटा असा:

- रिकामी यादी, एकच बिंदू, सगळे आकडे सारखे
- मध्येच नॅन (‘आकडा नाही’ अशी किंमत), टोकाला इन्फिनिटी, मास्क केलेला अॅरे
- लॉग अक्षावर शून्य आणि ऋण आकडे, शिवाय एररबार ज्यांची खालची बाजू शून्याखाली जाते
- टाइमझोन असलेल्या तारखा, घड्याळ एक तास पुढेमागे होतं त्या दिवसासकट. भारतात डीएसटी नाही, म्हणून हा प्रकार आपल्याकडून हमखास राहून जातो. युरोपचा एखादा टाइमझोन घ्या
- आकड्यांसारखे दिसणारे पण मजकूर असलेले रकाने. सीएसव्हीतून असे रकाने आले की अक्ष गुपचूप कॅटेगरीचा होतो
- उलटा अक्ष, आणि उलट्या अक्षावर लॉग
- दहा लाख बिंदूंची सलग रेघ

तारखांबद्दल एक जास्तीची सूचना. ३.३ आवृत्तीत (२०२०) तारखांचा मूळ बिंदू बदलून १ जानेवारी १९७० झाला. त्याआधीच्या कोडमध्ये तारखांचे कच्चे आकडे हाताने लिहिलेले असतील तर आलेख भलत्याच शतकात जातो. असा आलेख दिसला तर आधी ३.९ मध्येही तोच येतो का ते बघा. येत असेल तर दोष स्क्रिप्टचा.

जे यंत्राला दिसत नाही

सर्व्हरवर चालणाऱ्या चाचण्या खिडकी उघडतात, पण माऊस धरून बसत नाहीत. इथे माणूसच लागतो. एमपीएलबॅकएंड या व्हेरिएबलमध्ये आधी क्यूटीएजीजी, मग टीकेएजीजी, मॅकवर असाल तर मॅकओएसएक्स असं एकेक घाला आणि प्रत्येकात हे करून बघा: ओ दाबून झूम, पी दाबून सरकवणं, एच दाबून मूळ जागी, जी दाबून जाळी, एल दाबून वाय-अक्ष लॉग. दोनदा झूम करून मागे-पुढेचे बाण. खिडकी लहान-मोठी. मग खिडकी लॅपटॉपच्या पडद्यावरून वेगळ्या स्केलिंगच्या बाहेरच्या मॉनिटरवर ओढा. बिंदू धूसर होतात का, क्लिक चुकीच्या जागी लागतं का, ते बघा. अॅनिमेशन चालू असताना खिडकी बंद करा. टर्मिनलमध्ये ट्रेसबॅक सांडतो का तेही बघा.

पीडीएफ आणि एसव्हीजीचं तसंच. पीडीएफमध्ये फाँटटाइप ३ आणि ४२ अशा दोन्ही प्रकारांनी साठवा आणि किमान दोन वेगळ्या व्ह्यूअरमध्ये उघडून मजकूर निवडून कॉपी करून बघा. एसव्हीजी ताडताना आधी एसव्हीजी-हॅशसॉल्टला ठरावीक किंमत द्या आणि सोर्स-डेट-एपॉक हे व्हेरिएबल लावा. नाहीतर आतली आयडी आणि तारीख दरवेळी बदलते आणि सारख्याच दोन फाइली वेगळ्या दिसतात.

देवनागरी लेबलं: बग खरा, पण रिलीज अडवणारा नाही

मराठी वापरणाऱ्याला हे भेटणारच, म्हणून वेगळं. अक्षाला ‘किंमत’ असं लेबल द्या. पहिला प्रकार: चौकोन दिसतात आणि ग्लिफ २३२५ डेजाव्हू सॅन्समध्ये नाही अशी सूचना येते. २३२५ म्हणजे ‘क’. मूळ फाँटात देवनागरी नाही इतकाच त्याचा अर्थ. फाँट-फॅमिलीत डेजाव्हू सॅन्सनंतर नोटो सॅन्स देवनागरी लिहा. ३.६ पासून एका फाँटात न मिळालेलं अक्षर पुढच्या फाँटात शोधलं जातं. क्रम उलटा ठेवलात आणि त्या देवनागरी फाँटात गणिती वजाचं चिन्ह नसलं, तर ते पुढच्या फाँटातून येतं आणि अक्षावरचे आकडे बेंगरूळ दिसतात. एकच फाँट दिला असेल तर वजाच्या जागी चौकोन येतो. अॅक्सेस-युनिकोड-मायनस फॉल्स केलं की साधी आडवी रेघ येते.

दुसरा प्रकार याहून खोल आहे. अक्षरं दिसतात, पण वेलांटी ‘क’च्या मागे जाऊन बसते, ‘वर्ष’चा रफार चढत नाही, जोडाक्षरं हलन्तासह सुटी पडतात. ३.१० पर्यंतचा नेहमीचा एजीजी बॅकएंड अक्षरं एकामागून एक मांडतो, देवनागरीला लागणारं शेपिंग (शेजारच्या अक्षरांनुसार रूप आणि जागा बदलणं) करत नाही. हे ३.९ मध्येही असंच होतं. म्हणजे आपल्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही, आधीही चालत नव्हतं’. रिग्रेशन म्हणून नोंदवलंत तर ते जुन्या नोंदीकडे बोट दाखवून बंद होईल, आणि ते योग्यच. मात्र ३.९ मध्ये चौकोन न दाखवणारा फाँट कँडिडेटमध्ये चौकोन दाखवू लागला, तर ती बातमी आहे. लगेच कळवा.

सोर्सवरून चाचण्या

पायपीआयवरच्या व्हीलमध्ये (तयार बिल्ड केलेल्या पॅकेजमध्ये) चाचण्यांची मूळ चित्रं, म्हणजे ज्यांच्याशी निकाल ताडतात ती, नसतात. त्यामुळे चाचण्यांचा पूर्ण संच चालवायचा तर गिटवरून सोर्स घ्यावा लागतो. क्लोन (सोर्सची प्रत) उथळ, म्हणजे इतिहास छाटलेला, नको आणि मूळ रेपॉझिटरीतले (अपस्ट्रीमचे) टॅगही, म्हणजे आवृत्त्यांच्या खुणाही, आणा. आवृत्तीचा आकडा टॅगांवरून काढला जातो. टॅग नसले की तो ०.१ सारखा काहीतरी येतो आणि आवृत्ती तपासणारी इतर पॅकेजेस रुसतात.

बिल्ड मेसॉन या साधनाने होतो. ‘एडिटेबल’ आणि ‘नो-बिल्ड-आयसोलेशन’ हे दोन्ही पर्याय देऊन बसवा. मग सी++ फाइल बदलली तरी पुढच्या इम्पोर्टला आपोआप बिल्ड होतो. सिस्टिमची फ्रीटाइप (अक्षरं उमटवणारी लायब्ररी) वापरायचा मोह टाळा. या आवृत्त्यांतली मूळ चित्रं फ्रीटाइप २.६.१ ने काढलेली आहेत आणि तीच सोर्सबरोबर बिल्ड होते. दुसऱ्या आवृत्तीत अक्षरांच्या कडा किंचित वेगळ्या उमटतात आणि मजकूर असलेल्या चाचण्या धडाधड पडतात. शेकड्यांनी चाचण्या पडल्या आणि सगळ्यांत फरक फक्त अक्षरांच्या कडांना असेल, तर बग शोधत बसू नका, फ्रीटाइप बघा. पीडीएफच्या चाचण्यांना घोस्टस्क्रिप्ट आणि एसव्हीजीच्या चाचण्यांना इंकस्केप लागतं. ते नसतील तर त्या चाचण्या मुकाट्याने वगळल्या जातात आणि ‘सगळं पास’ असं फसवं चित्र दिसतं. म्हणून शेवटच्या ओळीत ‘स्किप्ड’चा आकडा वाचायची सवय लावा.

पायटेस्ट (चाचण्या चालवणारं साधन) ‘एन ऑटो’ देऊन चालवला की सगळे कोर कामाला लागतात. पडलेली चाचणी एकटी, ‘एन’शिवाय पुन्हा चालवा. एकटी पास होत असेल तर दुसऱ्या कुठल्या चाचणीने मागे काही सेटिंग सांडून ठेवलंय किंवा वेळेचं गणित चुकलंय.

निकाल रिझल्ट-इमेजेस या फोल्डरात पडतात: आलेलं चित्र, अपेक्षित चित्र आणि डिफ. टूल्स फोल्डरातली ट्रायाज-टेस्ट्स ही छोटी क्यूटी खिडकी ही चित्रं एकापाठोपाठ दाखवते. तिथे ए दाबलं की नवं चित्र मूळ चित्राच्या जागी जाऊन बसतं. हे बटण सावकाश दाबा. पडलेली चाचणी ‘चित्र बदललं’ एवढंच सांगते. बिघडलं की सुधारलं ते ठरवणं तुमच्याकडे आहे. रिलीजच्या घाईत मूळ चित्र बदलून चाचणी हिरवी करणं म्हणजे तापमापी बर्फात घालून ताप उतरवणं.

दहा-पंधरा ओळींत बग

स्क्रिप्ट कापत जा. पांडास (तक्त्यांची लायब्ररी) काढून बघा, सीबॉर्न (मॅटप्लॉटलिबवर उभी असलेली आलेखांची लायब्ररी) काढून बघा, फाइलमधला डेटा काढून हाताने लिहिलेले पाच आकडे घाला. सीबॉर्न काढल्यावर बग गेला तर कदाचित तो तिकडचा आहे. रँडम आकडे लागतच असतील तर सीड (ज्यावरून ते आकडे निघतात ती सुरुवातीची संख्या) पक्का करा. मॅटप्लॉटलिबच्या नमुन्यांत १९६८०८०१ हा सीड जागोजागी दिसतो. ती मूळ लेखक जॉन हंटर यांची जन्मतारीख, १ ऑगस्ट १९६८.

गिटहबवरच्या नोंदीत हे असावं: ती स्क्रिप्ट, काय आलं, काय यायला हवं होतं, दोन्ही आवृत्त्यांची चित्रं, ऑपरेटिंग सिस्टिम, पायथन, बॅकएंड, आणि पिपने बसवलं की कोंडाने. ‘३.९ मध्ये चालत होतं’ हे पहिल्याच ओळीत. तेवढ्या एका वाक्यावरून नोंदीला ‘रिलीज क्रिटिकल’ हे लेबल मिळायचं की नाही ते ठरतं.

कोणत्या कमिटने मोडलं

गिट बायसेक्ट, म्हणजे इतिहास दरवेळी निम्मा करत दोषी कमिट (नोंदवलेला बदल) शोधणं. चांगलं टोक आणि वाईट टोक द्या. सहाशे-सातशे कमिट असले तरी दहा पायऱ्यांत काम होतं. दोन गोष्टी मात्र सांभाळा. ३.९.२ सारखा टॅग वेगळ्या फांदीवर असतो, मुख्य फांदीच्या सरळ रेषेत नाही. त्यामुळे गिट आधी दोघांचा समान पूर्वज तपासायला सांगतो. गोंधळू नका, तो बरोबर आहे. दुसरं, ‘फर्स्ट-पॅरेंट’ हा पर्याय लावा (गिट २.२९ पासून आहे). मग फक्त विलीन झालेले पुल रिक्वेस्ट (कोडात घ्या म्हणून पाठवलेले बदलांचे गठ्ठे) तपासले जातात, त्यांच्या आतले अर्धवट, बिल्डही न होणारे कमिट नाहीत.

‘बायसेक्ट रन’ला द्यायच्या स्क्रिप्टमध्ये चित्र नको, आकडा तपासा: गेट-एक्सलिमने काय दिलं, खुणा किती आल्या, किंवा आलेख काढून बफर-आरजीबीए मधला ठरावीक पिक्सेल कोणत्या रंगाचा आहे. चांगलं असेल तर ० ने बाहेर पडा, वाईट असेल तर १ ने, बिल्डच झाला नाही तर १२५ ने. १२५ म्हणजे ‘हा सोड’. हे विसरलात तर बिल्ड न झालेला कमिट गुन्हेगार ठरतो.

दुरुस्ती: लहान, किंवा मागे घ्या

आधी पडणारी चाचणी लिहा, मग कोड. जमेल तिथे चेक-फिगर्स-इक्वल हा डेकोरेटर वापरा. एकाच आलेखाची दोन रूपं काढायची, एक तपासायचं आणि एक आधारभूत, आणि ती सारखी आहेत का बघायचं. नवं चित्र रेपॉझिटरीत घालावं लागत नाही. पीएनजी एकदा गिटच्या इतिहासात गेली की सगळ्यांच्या क्लोनमध्ये कायमची राहते. याचा सापळा एकच: दोन्ही रूपं सारखीच रिकामी असली तरी चाचणी पास होते. म्हणून दुरुस्ती तात्पुरती काढून चाचणी खरंच पडते का ते एकदा बघाच. चित्राशिवाय भागत नसेल तर इमेज-कंपॅरिझनमध्ये रिमूव्ह-टेक्स्ट ट्रू ठेवा, स्टाइल एमपीएल२० द्या. एआरएम प्रोसेसरवर दशांशातल्या फरकाने चाचणी पडत असेल तर टॉलरन्स सरसकट वाढवू नका. मशीन एक्स८६-६४ असेल तर शून्य, नसेल तर ०.०२ सारखा लहान आकडा, अशी अट घाला.

बग याच आवर्तनात आलेल्या नव्या सोयीमुळे असेल आणि दुरुस्ती वीस-तीस ओळींपलीकडे पसरायला लागली, तर ती सोय मागे घ्या. लेखकाला वाईट वाटतं, खरं आहे. पण ती पुढच्या आवृत्तीत नीट परत येऊ शकते. कँडिडेटनंतर घातलेली मोठी दुरुस्ती कुणीच तपासलेली नसते. वागणूक मुद्दाम बदललेली असेल तर एपीआय बदलांच्या टिपा आधी वाचा: एखादी गोष्ट काढण्यापूर्वी किमान दोन मध्यम (३.९, ३.१० सारख्या) आवृत्त्यांत डेप्रिकेशनची, म्हणजे ‘हे पुढे जाणार’ अशी, सूचना दिली जाते. स्वतःच्या कोडमध्ये डेप्रिकेशन वॉर्निंगला एरर मानून चालवलंत तर अशा गोष्टी आधीच सापडतात.

पुल रिक्वेस्ट मुख्य फांदीवर करा, ३.१०.एक्सवर नाही, आणि त्यावर ३.१०.० चा माइलस्टोन (कोणत्या आवृत्तीत जायचं ते सांगणारी खूण) लावून घ्या. विलीन झाल्यावर बॉट ती रिलीजच्या फांदीवर नेतो. कॉन्फ्लिक्ट आला तर हाताने चेरी-पिक (तेवढाच कमिट उचलून आणणं), एक्स आणि एम१ हे पर्याय लावून. बॅकपोर्टमध्ये (रिलीजच्या फांदीवर नेलेल्या दुरुस्तीत) चाचणीही गेली ना ते बघा. कॉन्फ्लिक्ट सोडवताना तीच गळते.

आणि दुरुस्ती पोहोचली का हे रात्री बनणाऱ्या नाइटली व्हीलवर तपासू नका. ती मुख्य फांदीवरून बनते, त्यामुळे बॅकपोर्ट राहून गेला असला तरी तिथे सगळं ठीक दिसेल. रिलीजच्या फांदीवरून स्वतः बिल्ड करा किंवा आरसी२ निघाली तर ती घ्या, तीच पंधरा ओळींची स्क्रिप्ट चालवा आणि कोणत्या आवृत्तीवर, कोणत्या बॅकएंडवर चाललं ते मूळ नोंदीखाली लिहा.